सोहनीबाईंचा परवानगीचा कागद

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत एखादं पोर जमिनीवर लोळण घेऊन रडू लागलं की सगळे पोराकडे बघतात. सोहनीबाई त्याच्या आईकडे बघतात आणि वहीत काहीतरी लिहितात.

बाई बालमानसशास्त्रज्ञ. वय अठ्ठ्याहत्तर. मुलं कशी वाढवावीत हे बाकीचे तज्ज्ञ परदेशी पुस्तकांतून सांगत होते, तेव्हा ती प्रत्यक्षात कशी वाढतात हे बघायला त्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाऊन बसल्या. असं करणाऱ्या त्या पहिल्याच. पहिल्या दिवशीच एका कोळणीने सुनावलं, "बाय, नुस्ती बगत काय बसलीस? पोर धर, मी म्हावरा इकून येते." संशोधनाला सुरुवात झाली ती अशी, मांडी ओली होऊन.

सल्ला मात्र बाई कुणालाच देत नाहीत. आमच्या अध्यक्षांनी महिलादिनी त्यांना 'आदर्श संगोपनाच्या गुरुकिल्ल्या' या विषयावर बोलायला उभं केलं. "मला एकही सापडली नाही," म्हणाल्या आणि बसल्या. शाल-श्रीफळ द्यावंच लागलं. आधीच आणून ठेवलं होतं.

गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरची स्नेहल माझ्याकडे आली. मी सोसायटीचा सेक्रेटरी. "काका, त्या माझं लिहून घेतात. टेन्शन येतं हो. त्यांना बागेत बसू देऊ नका." बागेतला बाक गेला तर बाईंकडे दिवसभरात दुसरं काही उरणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी निरोप पोचवला.

बाई चपापल्या. "कोळीवाड्यात घरोघर विचारून बसायचे मी. इथे विचारलंच नाही! सुशिक्षित वस्ती बघून चुकले." तासाभरात परवानगीचा कागद टाइप झाला, तीन प्रतींत, आणि मला बरोबर घेऊन बाई स्नेहलच्या दारात.

आत तिची चार वर्षांची मुलगी ओवी किंचाळत होती. स्नेहलचे डोळे लाल. "एवढं शिकलाय तर सांगा ना, काय करू? आत्ता बाथरूममध्ये कोंडणार होते मी हिला!"

बाईंनी कागदाची घडी केली. "मी कोंडलं होतं. माझ्या मुलीला."

स्नेहलने विचारलं, "किती वेळ?"

"अकरा मिनिटं. बाहेर उभी राहून मोजत होते. प्रबंध पुरा करायचा होता ना." मग म्हणाल्या, "ती आता पन्नाशीची आहे. अजून दार लावून झोपत नाही."

ओवी रडतच होती. स्नेहलने खुर्चीवरचे धुतलेले कपडे उचलून बाजूला ठेवले.

"बसा ना," ती म्हणाली.