व्हर्लनचा उत्साह

त्या सकाळी व्हर्लन टिडवेलने घेतलेला निर्णय तसा अगदी किरकोळ होता. गॅरेजमध्ये गारठा होता, म्हणून गळांना धार लावायचं काम त्याने स्वयंपाकघरात उरकायचं ठरवलं.

गंटर्सव्हिलच्या तलावावर बास मासे पकडण्यात व्हर्लनचा हात धरणारा कुणी नव्हता. स्पर्धेत जिंकलेल्या चषकांवरची धूळ पुसून त्याची बायको लोरीन मेटाकुटीला आली होती. अकरा वर्षं त्याचा मासेमारीचा कार्यक्रमही टीव्हीवर चालू होता. अडचण एवढीच, की मासा गळाला लागला की बाकीचे मासेमार होडीत नाचतात, आरडाओरडा करतात. व्हर्लन मासा वर काढायचा, बघायचा आणि म्हणायचा, "हं. बरा आहे."

आठवड्यापूर्वी चॅनेलच्या प्रुइटबाईंचा फोन आला होता. "मिस्टर टिडवेल, पोस्टमनकडून पार्सल घ्यावं तसे तुम्ही मासे घेता. मी स्वतः शूटिंगला येतेय. अंगात उत्साह दिसला तर पुढचं वर्ष तुमचं. नाहीतर इथेच थांबू."

तेव्हापासून व्हर्लन आरशासमोर आनंदाची तालीम करत होता. (लोरीनला वाटलं, दाढ दुखतेय.)

तर त्या सकाळी तो स्वयंपाकघरात बसून आपल्या आवडत्या लाकडी माशाचे गळ घासत होता. बोटभर लांबीचा, पोटाखाली तीन टोकांचे दोन गळ लोंबणारा हा खोटा मासा त्याला नेहमी यश द्यायचा. पण या घरात स्वयंपाकघरात गळ आणायला सक्त मनाई होती. अठरा वर्षांपूर्वी लोरीनच्या आईला बिस्किटाच्या पिठात एक गळ सापडला होता, तेव्हापासून.

लोरीनची पावलं वाजली. व्हर्लनने मासा पटकन शेजारच्या खुर्चीवर टाकला आणि उभा राहून उगाच खिडकीबाहेर बघू लागला. लोरीनने मऊ पावासारखी घरची बिस्किटं आणि गरम ग्रेव्हीची बशी नेमकी त्याच खुर्चीपुढे ठेवली आणि म्हणाली, "बस, गार होईल."

व्हर्लन आज्ञाधारक नवरा होता. तो बसला. आणि बसला त्याच्या दुप्पट वेगाने उठला.

लोरीनने मागून पाहिलं. लाकडी मासा शेपटीसारखा लोंबत होता.

"माझ्या स्वयंपाकघरात?" एवढंच ती म्हणाली.

मग तिने पक्कड आणून मासा कापून वेगळा केला. गळ मात्र आतच राहिला. त्याच्या टोकाला उलटा काटा असतो, तो सरळ ओढून निघत नाही. पण त्यावर एक युक्ती आहे. गळाला दोरा अडकवायचा, गळ खाली दाबायचा आणि एक झटका द्यायचा. व्हर्लनने ती टीव्हीवर सहा वेळा करून दाखवली होती. एकदा तर एका पाद्रीसाहेबांच्या अंगठ्यावर.

लोरीन दोरा घेऊन आली. व्हर्लन फ्रिजला पाठ लावायला गेला आणि लगेच दूर झाला.

"तूच म्हणतोस ना, लहान मूलसुद्धा रडणार नाही?"

"ते दुसऱ्याच्या गळाबद्दल म्हणत होतो."

डॉक्टर तासाभराच्या वाटेवर आणि प्रुइटबाई शूटिंगसाठी वीस मिनिटांत धक्क्यावर. व्हर्लनने लांब रेनकोट चढवला आणि निघाला. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

होडी त्याने उभ्यानेच चालवली. कॅमेरा सांभाळणारा ड्वेन म्हणाला, "सर, बसा की. उडून जाल." व्हर्लनने सांगितलं की उभ्याने पाणी नीट दिसतं. प्रुइटबाई दुसऱ्या होडीतून मागे येत होत्या, हाताची घडी घालून.

पहिला मासा लागला. जेमतेम दीड पौंडाचा. नेहमीच्या सवयीने व्हर्लन त्याला उचलायला वाकला, पँट ताणली गेली आणि गळ आणखी आत रुतला.

"ओहोहोहो! आई गं!" व्हर्लन हातभर उडाला. डोळ्यांत पाणी आलं. त्या चिमुकल्या माशाला त्याने दोन्ही हातांनी आभाळाकडे धरलं आणि आठवतील तेवढ्या संतांची नावं घेतली.

प्रुइटबाईंनी हाताची घडी सोडली.

दुसऱ्या माशाला तो एका पायावर नाचला. तिसऱ्याला त्याने ड्वेनला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. ड्वेन पाच वर्षं त्याच्याबरोबर होता, पण आजवर व्हर्लनने त्याच्याशी साधा हातही मिळवला नव्हता. तो कॅमेऱ्यामागे डोळे पुसू लागला.

आणि मग दुपारी पाण्यातल्या झुडपापाशी गळाची काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्यात गेलं. होडी गर्रकन फिरली. पाच मिनिटं व्हर्लन झुंजला. मासा होडीखाली गेला, दोरीला करकर आवाज आला, पाणी उसळलं आणि नऊ पौंडाची मासोळी वर आली. असा मासा व्हर्लनने सहा वर्षांत पाहिला नव्हता. त्या झटापटीत तो गळबिळ सगळं विसरला. त्याने तिला वर काढलं, पाहिलं.

"हं," तो म्हणाला. "बरी आहे."

प्रुइटबाईंचा चेहरा पडला. त्यांनी पर्समधून गाडीची किल्ली काढली.

समाधानाचा एक सुस्कारा टाकून, मासोळी मांडीवर घ्यावी म्हणून, व्हर्लन होडीतल्या खुर्चीवर बसला.

ती आरोळी म्हणे धरणापर्यंत ऐकू गेली. मासोळी हवेत उडाली, व्हर्लन तिच्यामागे उडाला, तिला हवेतच झेलून त्याने तिचा मुका घेतला, आणि दोघंही पाण्यात पडले. प्रुइटबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. किल्ली कधीच तलावात गेली होती.

चार वाजता लोरीनने त्याला स्वयंपाकघराच्या टेबलावर पालथं झोपवलं. समोर त्याचाच जुना कार्यक्रम लावून ठेवला, म्हणजे एखादी पायरी चुकायला नको. पडद्यावरचा व्हर्लन म्हणाला, "लहान मूलसुद्धा रडणार नाही." टेबलावरचा व्हर्लन शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका रडला.

गळ निघून कचऱ्यात पडतो न पडतो तोच फोन वाजला. लोरीनने घेतला. पुढच्या वर्षाचे तेरा भाग पक्के झाले होते. अट एकच, आजचा उत्साह तेरा वेळा दिसला पाहिजे.

लोरीनने फोन ठेवला. कचऱ्यात टाकलेला गळ बाहेर काढला, उकळत्या पाण्यात धुतला, पुसला आणि आपल्या हाताने, अठरा वर्षांत पहिल्यांदा, स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवला.

"पुढचं शूटिंग मंगळवारी ना?" ती म्हणाली. "डावी बाजू अजून मोकळी आहे."