एन्सिओने बदललेला बूट

"गॅरेज कशाला? अ‍ॅक्सलचे बूट बघायला डोळे लागतात, डिप्लोमा नाही," असं म्हणून एन्सिओने टॉर्च उचलला.

शुक्रवारी गाडीची तपासणी होती. गाडी नापास झाली तर रविवारी नातीच्या बारशाला जाणंच बोंबललं असतं, कारण लेकीच्या गावाला रविवारी बस नाही. बाळाचं नाव बारशापर्यंत गुपित ठेवायचं असतं. ते फोनवर ऐकायची वेळ आली असती, तर हिल्काने नवऱ्याला जन्मभर ऐकवलं असतं.

अ‍ॅक्सलचा बूट म्हणजे चाकाजवळच्या सांध्यावर चढवलेलं घड्याघड्यांचं रबर. ते फाटलं की आतलं ग्रीस बाहेर येतं आणि चिखल आत जातो. आदल्या दिवशी बर्फ काढणारा ट्रॅक्टर आला होता, तेव्हा हिल्काने गाडी हलवून मिळेल तिथे लावली होती. वर पुन्हा बर्फ पडून आवारातल्या सगळ्या गाड्या सारख्याच दिसत होत्या. एन्सिओने अंदाजाने आपली राखाडी गाडी शोधली, चाकापुरता बर्फ झाडला आणि पुठ्ठा अंथरून खाली सरकला.

"फाटलाय! कुठे आपटलीस गं हिल्का?" तो खालूनच करवादला.

मग नवा बूट आणून, बोटं गारठेपर्यंत खटपट करून त्याने तो बसवला. मध्ये शेजारचे राउतिओ कचरा टाकायला आले, तेव्हा खालून 'शुक्रवारी तपासणी, रविवारी बारसं, आणि हिल्काने बूट फाडून ठेवलाय!' असा आरडाओरडा चालू होता. त्यांनी गाडीखालून बाहेर आलेले पाय पाहिले, थोडे थांबले आणि निघून गेले. इतक्या वर्षांच्या शेजारात दोघांचं बोलणं मान हलवण्यापलीकडे कधी गेलंच नव्हतं.

शुक्रवारी तपासनीस गाडीखालून म्हणाला, "बूट फाटलाय."

"नवाकोरा आहे हो! मी स्वतः बसवलाय."

"बसवला असेल. पण या गाडीला नाही."

एन्सिओने वाकून पाहिलं, तर बूट जुनाच होता आणि फाटलेलाही.

घरी हिल्काने सगळं ऐकून घेतलं आणि बारशासाठी इस्त्री केलेले कपडे परत कपाटात ठेवले. शिव्या परवडल्या असत्या, असं एन्सिओला वाटलं. तेवढ्यात दार वाजलं. राउतिओ टोपी हातात घेऊन उभे होते.

"तपासणीत नापास झाली ना? रविवारी मी सोडतो तुम्हाला."

रविवारी राउतिओंच्या गाडीने अर्धा रस्ता कापला. एन्सिओला राहवेना.

"राउतिओ, खरं सांगू? मी काही उपकार-बिपकार केले नाहीत. तुमची गाडी मला माझी वाटली."

"ठाऊक आहे. तुम्ही खालून बायकोच्या नावाने ओरडत होता."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं नाही का!"

राउतिओंनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तुम्ही कामात होता. ओळख ना पाळख, मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं."

मागच्या सीटवर हिल्काला हसू फुटलं, ते लेकीचं दार उघडेपर्यंत थांबलं नाही.