तळ्यावर फक्त अकरा जण

पर्यटन विभागाच्या सरांनी सकाळी दाढी करता करताच बायकोला जाहीर करून टाकलं, "आज मी असं पर्यटन शिकवणार, की आपण येऊन गेलो हे त्या जागेला कळणारसुद्धा नाही!"

"तुमच्या वर्गात रोज तेच होतं," बायको म्हणाली. "तुम्ही येऊन गेलात हे मुलांना कुठे कळतं?"

सर हसले नाहीत. हसण्यासारखं उरलं होतं काय? विभागात विद्यार्थी अकरा, आणि वर्षअखेरीला विभागाला टाळं लावणार असं प्राचार्यांनी तोंडावर सांगितलेलं. ही सहल म्हणजे बुडत्या माणसाची शेवटची धडपड. बसची परवानगी मिळाली नव्हती, म्हणून सहल कॉलेजच्याच आवारात, ग्रंथालयामागच्या तळ्यावर! तिथल्या लव्हाळ्यात एक पाणकोंबडी चार अंड्यांवर बसली होती. हे ठाऊक होतं एकट्या म्हाताऱ्या माळ्याला. त्याने ते फक्त सरांना सांगितलं होतं, तेही कानात.

टिकाऊ पर्यटनाचा पहिला धडा, गर्दी टाळा. म्हणून सरांनी आदल्या दिवशीच फलकावर सूचना डकवली: 'उद्या दहा वाजता तळ्यावर दुर्मिळ दर्शन. फक्त अकरा जणांना प्रवेश. इतरांनी कृपया येऊ नये.'

झालं! ज्या तळ्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथे साडेनवालाच गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी माणसं! रसायनवाले प्रयोग उकळता ठेवून आले. कारकूनबाई हातात शिक्का घेऊनच आल्या. कॅन्टीनवाल्याने तर किटलीसकट ठाण मांडलं.

"कोण येतंय हो?"

"नट असेल!"

"छे! अकराच जणांना सोडतायत म्हणजे मंत्री!"

सरांचे अकरा विद्यार्थी मात्र मागे कुठेतरी अडकून पडले होते. सर घामाघूम होऊन ओरडले, "अहो, कुणी येत नाहीये! पाणकोंबडी आहे! अंड्यांवर बसलीय!"

मागच्यांपर्यंत त्यातली कोंबडी आणि अंडी तेवढी पोचली.

"जेवण आहे रे!" कुणीतरी आरोळी ठोकली, आणि मागचे तीनशे जण पुढे घुसले. लव्हाळं आडवं झालं. एक जाडजूड ग्रंथपाल कमरेपर्यंत पाण्यात गेले. सरांनी क्रीडाशिक्षकांचा कर्णा हिसकावला आणि जिवाच्या आकांताने बटण दाबलं, "शांतता राखा!"

कर्णा असा किंचाळला की ग्रंथालयाची तावदानं थरथरली. लव्हाळ्यातून एक काळा ठिपका फडफडत उठला आणि भिंतीपलीकडे दिसेनासा झाला.

जेवण नाही म्हटल्यावर गर्दी पांगली. सर मात्र घरट्यापासून वीस पावलांवर बसून राहिले. बारा वाजले, दोन वाजले, चार वाजले. पाणकोंबडी आली नाही. शेवटी माळी चिखलात उतरला, आणि त्याने अंड्यांना बोटाची पाठ लावली.

"थंड पडलीत," तो म्हणाला.

"माझं चुकलं हो, बाबा."

माळी रागावला असता तर सरांना बरं वाटलं असतं. तो फक्त चिखलातले कागदी पेले वेचत म्हणाला, "बावीस वर्षं या तळ्याची कुठे पाटी लागली नव्हती साहेब. म्हणून पाखरू होतं."

तेवढ्यात शिपाई आला, प्राचार्यांनी बोलावलंय! सर आयुष्यभराची नोकरी पाठीवर घेऊन जिना चढले. आत शिरल्या शिरल्या प्राचार्यांनी उठून त्यांचा हात हातात घेतला.

"अहो, तीनशे माणसं! आपल्या संमेलनालासुद्धा एवढी जमत नाहीत! तुमचा विभाग बंद करायचा नाही, ठरलं. ही सहल दरवर्षी काढायची!"

सरांनी हात सोडवून घेतला. "पण सर... पक्षी गेला. अंडी मेली."

प्राचार्यांनी क्षणभर गंभीर चेहरा केला. "अरेरे," ते म्हणाले. "मग पुढच्या वर्षी दुसरं तळं बघा."

आणि सर, लाज वाटते सांगायला, "बघतो सर," म्हणाले.