आदरार्थी बहुवचन

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींना मारण्याची पद्धत होती. पद्धत म्हणजे नियम नव्हे. नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण बाई ओरडली की मांडीवर चापटी, तिने पाय जवळ घेतले की पायावर चापटी, आणि तरीही ती गप्प बसली नाही तर तिच्या आईने लावलेल्या वळणाबद्दल चार शब्द, असा क्रम ठरलेला होता. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार नाही याचा अर्थ सर्व ठीक आहे, असे रुग्णालयाचे मत होते आणि ते रुग्णालयाने कधी लपवले नाही.

ही घडी समीक्षाताईंमुळे विस्कटली. समीक्षाताई मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत राहत; त्यांचे यजमान कारखान्यात मोठे साहेब होते. पहिल्या बाळंतपणाला त्या खालापूर तालुक्यातल्या शिळफाट्याजवळ माहेरी आल्या होत्या आणि त्यांचे नाव पनवेलच्या खासगी दवाखान्यात घातलेले होते. कळा सुरू झाल्या त्याच दिवशी रसायनीकडे निघालेला एक टँकर महामार्गावर आडवा झाला. गाडी पुढे सरकेना, तेव्हा नाइलाजाने हे रुग्णालय गाठावे लागले. तिथे त्यांना इतर बायकांसारखेच वागवण्यात आले. "तेव्हा गोड लागलं, आता कशाला बोंबलतेस गं?" असे म्हणून सुचेता सिस्टरनी त्यांच्या मांडीवर चापटी मारली.

समीक्षाताई कोण आहेत हे सिस्टरना ठाऊक नव्हते. पुढे समीक्षाताईंच्या तक्रारीवरून झालेल्या चौकशीत हाच सिस्टरचा मुख्य बचाव ठरला.

चौकशी रीतसर झाली. समितीने सर्व बाजू ऐकून असा निष्कर्ष काढला की, चापटी ही प्रसूतीला हातभार लावण्याच्या हेतूने मारलेली असल्यामुळे वैद्यकीय स्वरूपाची आहे. परंतु 'गं' हा वैद्यकीय स्वरूपाचा नाही. सबब, यापुढे प्रत्येक मातेला नावापुढे 'ताई' लावून आदरार्थी बहुवचनात संबोधावे, आणि कोणतीही कृती करण्यापूर्वी तिला नम्रपणे कल्पना द्यावी. यासाठी कर्जतला एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. जेवणात श्रीखंड होते.

सुचेता सिस्टर मनापासून शिकल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखत, हाताखाली एकच आया होती आणि खाटांपेक्षा बायका कायम जास्त असत. प्रशिक्षणात त्यांनी विचारले की आणखी एक सिस्टर मिळेल का. प्रशिक्षक म्हणाले, "तो विषय आजच्या सत्रात नाही. पण आपण प्रश्न फार छान विचारलात."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भागी आली. भागी वर डोंगरातल्या ठाकूरवाडीतली. तिचे पहिले बाळंतपण घरीच झाले होते; आढ्याला बांधलेला दोर धरून, उकिडवी बसून, मागून चुलतसासूने आधार दिला होता. या खेपेला दवाखान्यात जायचे, असे आरोग्य खात्याच्या आशाताईने तिच्याकडून कबूल करून घेतले होते. नवरा लडकू आणि वाडीतल्या माणसांनी तिला झोळीतून रस्त्यापर्यंत आणले आणि तिथून भाजीच्या टेंपोत बसवले. सोबत लडकूची बहीण रूपाली होती. ती त्याच वाडीत दिलेली होती आणि तिलाही दिवस गेलेले होते.

"या भागीताई, बसा," सुचेता सिस्टर म्हणाल्या.

भागीने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

"आपल्यालाच म्हनतात काय गं?" तिने हळूच विचारले.

"तुलाच, वैनी. दुसरं कोन हाय इथं?"

भागीला बरे वाटले. शाळेच्या बाई सोडल्या तर वाडीबाहेरच्या कोणी तिच्याशी इतक्या गोडीने बोलल्याचे तिला आठवेना. तिची उरली-सुरली भीती गेली आणि ती आत जाऊन टेबलावर चढली. रूपालीला "नातेवाइकांनी कृपया बाहेर थांबावं" असे सांगण्यात आले. ती खिडकीच्या गजाशी उभी राहिली. तिथून तिला सगळे दिसत होते.

भागीने पाणी मागितले.

"भागीताई, आपल्याला आता पाणी मिळणार नाही."

कळ आली तशी भागी टेबलावरून उतरू लागली. तिला खाली उकिडवे बसायचे होते.

"आपण जनावर नाही आहात, भागीताई," सिस्टर म्हणाल्या आणि आयाने तिला परत झोपवले. मग तिचे पाय पट्टीने बांधण्यात आले. बांधताना "माफ करा हं" म्हणायला आया विसरली नाही.

पुढची कळ मोठी होती. भागी ओरडली.

"आपल्याला आता एक चापटी मारते हं," असे म्हणून सिस्टरनी चापटी मारली.

"बाई," भागी धापा टाकत म्हणाली, "सांगून कशाला मारता?"

"तसा आदेश आहे."

मग डॉक्टर आले. त्यांनीही प्रशिक्षण घेतलेले होते. "नमस्कार," असे म्हणून त्यांनी कोपराने भागीचे पोट खाली रेटले. भूल देण्याचे इंजेक्शन कपाटात होते आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे होती तो सन्मानाविषयीच्या पुढच्या सत्राला कर्जतला गेला होता. तेव्हा "भागीताईंनी सहकार्य करावं" अशी विनंती करून तसाच छेद देण्यात आला आणि मुलगी झाल्यावर तसेच टाके घालण्यात आले. खिडकीशी रूपालीने दोन्ही हात आपल्या पोटावर घट्ट धरले होते.

पाणी शेवटी लडकूने आणले, बाहेरच्या टपरीवरून.

दुसऱ्या दिवशी मूल्यमापनासाठी एक अधिकारी आले. ते भागीच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि त्यांनी आपुलकीने विचारले, "तुम्हाला इथं कोणी अरेतुरे केलं का?"

"नाय."

"हाक कशी मारत होते?"

"ताई म्हनायच्या."

"मग काही त्रास?"

"मारलं."

अधिकाऱ्यांनी सिस्टरकडे पाहिले. सिस्टर म्हणाल्या, "सांगून मारलं, सर."

"अस्सं. पण मारताना बोलल्या कशा?"

भागीने खरे तेच सांगितले. "तुमी तुमी करूनच मारलं."

रुग्णालयाला पैकीच्या पैकी गुण मिळाले. संपूर्ण मातृसन्मान राखल्याबद्दल रुग्णालयाचा गौरव ठरला आणि समारंभाला प्रमुख पाहुण्या म्हणून समीक्षाताईंना बोलावण्यात आले, कारण बदल त्यांच्यामुळे घडला होता. समीक्षाताईंनी छोटेसे भाषण केले. एका स्त्रीने आवाज उठवला की सगळ्या स्त्रियांचे भले होते, असे त्या म्हणाल्या. नंतर भागीला, लाभार्थी म्हणून, व्यासपीठावर नेऊन तिच्यासमोर माईक धरण्यात आला. भागीला टाक्यांमुळे अजून नीट उभे राहता येत नव्हते. काय बोलायचे ते तिला कोणी सांगितले नव्हते.

"मला तू म्हना," ती म्हणाली. "पन पानी द्या."

सभागृह हसले, मग टाळ्या वाजू लागल्या. समीक्षाताईंनी डोळे टिपले. कोणीतरी मोबाइलवर भागीचे बोलणे टिपून घेतले आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जोडलेल्या हातांच्या चित्रासह पनवेल, ठाणे, पुणे करत सगळीकडे पोचला. साधी माणसे किती थोडक्यात केवढे बोलून जातात, यावर लोकांचे एकमत झाले.

परत जाताना भागीने नवऱ्याला विचारले, "मानसं हसली का रं?"

"तू ग्वाड बोललीस म्हनून."

"मी पानी मागितलं."

रूपालीचे दिवस भरत आले तेव्हा आशाताई वाडीवर आली. आता तिथे किती मानाने वागवतात ते तिने सांगितले आणि पुरावा म्हणून आपल्या मोबाइलवर तोच व्हिडिओ दाखवला. रूपालीने तो शेवटपर्यंत पाहिला.

"मंग आता पानी देतात काय?" तिने विचारले.

आशाताई प्रामाणिक होती. ते आपण विचारले नाही, असे ती म्हणाली. रूपाली उठून चुलीकडे गेली. लडकूने भागीकडे पाहिले. तिने 'जा' म्हणावे असे त्याला वाटत होते. भागी मुलीला पाजत होती. तिने मान वर केली नाही.

रूपाली घरीच बाळंत झाली. दोर धरून, उकिडवी बसून, मागे भागी होती. मुलगा चांगला रडला. रक्त मात्र थांबेना. भागीने होती नव्हती ती लुगडी लावून पाहिली, मग तिनेच लडकूला हाक मारली, "झोळी काढ रं, लवकर काढ." माणसे भर दुपारी डोंगर पळत उतरली. भागी रूपालीचा हात धरून झोळीच्या बाजूने धावत होती. रस्ता दिसू लागला तेव्हा तिच्या हातातला हात जड झाला.

रुग्णालयाच्या दारात सुचेता सिस्टरनी रूपालीची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि पुन्हा नाडी पाहिली.

"गेली गं पोर," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसल्या.

थोड्या वेळाने त्यांना आदेश आठवला. त्या उठल्या, साडी सारखी केली आणि लडकूसमोर हात जोडून म्हणाल्या, "रूपालीताईंचं निधन झालेलं आहे."

मृत्यूची चौकशी झाली. कारण निघाले ते असे: आदिवासी समाजातील अज्ञान आणि रुग्णालयाविषयी अनाठायी भीती. जनजागृतीची शिफारस करण्यात आली. वाडीवर फलक लागला. बातमी पेपरात आतल्या पानावर आली. ती वाचून समीक्षाताईंना खरेच वाईट वाटले. "इतकी सोय केली तरी ही माणसं येतच नाहीत हो," त्या यजमानांना म्हणाल्या.

बातमी आपणही वाचली असेल, आणि चहा घेताना हेच म्हणाला असाल. आपल्या बोलण्यात एकही वावगा शब्द नव्हता, याची नोंद घेण्यात आली आहे.