गाव रिकामे, कारण अज्ञात

माझ्या अहवालात चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! हे मी कणकवलीला अहवाल-लेखनाच्या प्रशिक्षणात सर्वांसमोर म्हणाले होते. तो शनिवार होता. सोमवारी काय झाले ते सांगते.

मी मूळची जालन्याची, शिक्षणाने स्थापत्य अभियंता. लष्कराच्या एका बांधकाम तुकडीत मुलकी कर्मचारी म्हणून लागले आणि मालवणच्या किनाऱ्यावर सडेखोल नावाच्या गावात बोटींच्या कोठारावर देखरेखीला आले. मंगळवारी कोठाराचा स्लॅब टाकायचा होता. स्लॅब नीट पडला आणि रोजचे अहवाल बिनचूक गेले, की नोकरी कायम. नाहीतर परतीची एसटी!

अहवालाचा नियम एकच. डोळ्यांना दिसेल ते लिहायचे, अंदाज बांधायचा नाही. विज्ञान शिकलेल्या मुलीला याहून गोड नियम कोणता?

सोमवारी सकाळी साइटवर पोचले तर एकही मजूर नाही. मुकादम गंगारामना फोन लावला, तर ते संपर्कक्षेत्राबाहेर. गावात गेले. घरांना कड्या, चुली गार, गोठे रिकामे. कोंबडी नाही, कुत्रा नाही, मांजरसुद्धा नाही! जणू कोणी अख्खे गाव पाटीवरून ओल्या फडक्याने पुसून टाकले होते.

मी अहवाल पाठवला: ‘गाव रिकामे. माणसे व जनावरे नाहीत. कारण अज्ञात. हिंसेच्या खुणा नाहीत.’

लगेच आमच्या तुकडीच्या प्रमुखांचा, कर्नलसाहेबांचा फोन. साहेब साताऱ्याचे, त्यामुळे ओरडतातही मराठीत.

“हिंसेच्या खुणा नाहीत म्हणजे? तुम्ही शोधल्या?”

“हो सर, घरोघरी.”

“का शोधल्या? संशय आला म्हणूनच ना!”

“नाही सर, नाहीत याची खात्री करायला.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग साहेब हळू आवाजात म्हणाले, “विहिरीचं पाणी पिऊ नका.”

माझ्याकडे काँक्रीटच्या पाण्यासाठीचे तपासणीचे सामान होतेच. पिवळे हेल्मेट सावरत मी चार विहिरींत वाकले, परीक्षानळ्या भरल्या, पट्ट्या बुडवल्या आणि कळवले: ‘पाणी उत्तम. पाण्यात दोष नाही.’

“अरे देवा!” साहेब म्हणाले. “म्हणजे हवेत आहे!”

“सर, हवेत काही आहे असं मी म्हटलं नाही.”

“नाही असं तरी म्हटलंत का?”

म्हटले नव्हते. हवा मोजायचे यंत्र माझ्याकडे नव्हते. मी प्रामाणिकपणे कळवले: ‘हवेबाबत सांगता येत नाही.’

वाचकहो, या एका वाक्याने दोन ट्रक जवान, एक रुग्णवाहिका आणि तोंडाला मुखवटे लावलेले डॉक्टर दुपारी सडेखोलच्या दिशेने निघाले! पुढच्या जीपमध्ये स्वतः कर्नलसाहेब. माझी नोकरी रुग्णवाहिकेत घालून परत नेतील, एवढीच मला चिंता.

“धूर!” गावात ट्रकमधून उतरताच एका जवानाने वेशीपलीकडे बोट दाखवले.

आम्ही धावलो. काजूच्या बागेत झावळ्यांच्या खोपीच खोपी! चुलींवर माशांची आमटी रटरटत होती, गुरे रवंथ करत होती, एका खोपीत भजन, दुसरीत पत्ते. हुकूम हातात धरून बसले होते आमचे गंगाराम!

“गंगाराम!” मी किंचाळले. “तुम्ही सगळे इथे काय करताय?”

“गावपळण आसा मा ओ, मॅडम!” ते शांतपणे म्हणाले. “तीन दिवस गाव देवाचो. माणसान थंय रवाचा नाय. जुनी रीत ती.”

“मग मला सांगायचं नाही?”

“कसा सांगतलंय? देवाचो कौल शनवारी मिळालो. तुमी शनवारी कणकवलीक. आणि हंय रेंज खंय आसा?”

तेवढ्यात त्यांची लक्ष्मीकाकी माझ्या हेल्मेटकडे बघून मागे सरकली.

“गो बाय माझे! ह्योच तो! ह्योच देवचार सकाळी टेकडेवरसून दिसलो! पिवळो टोप घालून बावीत वाकान बघी होतो! हातात नळी!”

“काकी, देवचार नाही की भूत नाही, मी होते. पाणी तपासत होते.”

“तुका बघून आमी नारळ फोडून गाऱ्हाणा घातला गो! म्हटला, देवा म्हाराजा, राखण कर, देवचाराक तहान लागली हा!”

जवान हसू लागले. डॉक्टरांनी मुखवटा काढला आणि त्यांना आमटीचा वास लागला. कर्नलसाहेब मात्र हसेनात. त्यांचा चेहरा शिंपल्यासारखा मिटलेला.

“मिस शिंगारे, मी वर काय कळवलंय ठाऊक आहे? अख्खं गाव, गुराढोरांसकट, एका रात्रीत बाहेर. आता वर काय सांगू? पत्ते खेळायला गेलं होतं?”

माझ्या डोळ्यांसमोर जालन्याची एसटी उभी राहिली. इंजिन चालू होते.

तेवढ्यात जीपमधला वायरलेस खरखरला. साहेब ऐकत राहिले आणि शिंपला हळूहळू उघडू लागला. “यस सर. जीवितहानी शून्य, सर. कोंबडीसुद्धा मागे नाही, सर. होय, आमच्याच इंजिनीअरची देखरेख!”

ते माझ्याकडे वळले. “वरचे खूश आहेत. त्यांना वाटलं, आपण आपत्कालीन स्थलांतराचा सराव घेतला. एवढं शिस्तबद्ध गाव त्यांनी पाहिलं नाही. तुमची नोकरी आजपासून कायम!”

“थँक यू, सर! आणि स्लॅब?”

“स्लॅब दुसरं कोणीतरी टाकेल. तुमची बदली सराव विभागात. पुढच्या सोमवारी खाडीपलीकडचं गाव असंच रिकामं करून दाखवा.”

मी आशेने गंगारामकडे पाहिले. “तिथेही गावपळण असते ना हो?”

गंगारामनी पत्ते खाली ठेवले.

“नाय ओ, मॅडम. थंयची माणसा मतदानाकसुद्धा घराभायर पडनत नाय!”