चर्चच्या घड्याळाची पंधरा मिनिटं

खोटं बोलणं मला जमत नाही. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून सांगावं लागतं! मी घड्याळजी. चर्चच्या भिंतीवर लंबकाचं मोठं घड्याळ आहे, त्याची किल्ली गेली एकोणीस वर्षं माझ्या खिशात असते. दर शनिवारी शिडीवर चढून मी त्याला किल्ली देतो. सगळी मंडळी आपापली घड्याळं त्यावरून लावते आणि मला लाडाने काटेकोरराव म्हणते.

आमचे पाळकसाहेब म्हणजे देवमाणूस, शिवाय माझे जुने मित्र. एकच खोट. साडेदहाला सुरू झालेला त्यांचा उपदेश संपता संपत नाही. मी सव्वाअकरापर्यंत तग धरतो. घड्याळाच्या काचेवर खिडकीतलं ऊन सरकत येतं, लंबक सावकाश हलत असतो, पाळकसाहेबांचा आवाज हळूहळू लांब जातो, आणि मी बाकासकट कुठेतरी तरंगत निघतो. तिथे ढगांना बारीक दाते असतात आणि ते एकमेकांत अडकून आवाज न करता फिरतात. मग बायकोचं कोपर लागतं आणि शेवटचं गीत सुरू झालेलं असतं.

त्या महिन्यात पाळकसाहेब एकच विषय लावून धरत होते, की एकमेकांशी मोकळेपणाने आणि प्रेमाने खरं बोला. मला बोलण्यासारखं एकच खरं होतं, की उपदेश लांबतो. पण मित्राला तोंडावर कसं सांगणार? म्हणून ते मी घड्याळाकडून वदवून घ्यायचं ठरवलं. शनिवारी किल्ली देताना काटा पाच मिनिटं पुढे सरकवला.

आणि काय सांगू, उपदेश पाच मिनिटं आधी संपला! मी नेहमीसारखा सव्वाअकराला झोपलो होतो, पण ही घरी येताना म्हणाली, आज लवकर आटोपलं. पुढच्या शनिवारी आणखी पाच. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी पाच. एक अक्षर न बोलता मी मित्राला सुधारलं होतं.

मग दुकानात गिऱ्हाइकं यायला लागली. सगळी चर्चमधलीच. सगळ्यांची एकच तक्रार, घड्याळ पंधरा मिनिटं मागे पडतंय. आता चर्चचं घड्याळ चुकीचं आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू? शाळेतल्या बाईंचं घड्याळ मी उघडलं, त्यात फुंकर मारली, बंद केलं आणि पंधरा मिनिटं पुढे करून दिलं. चांगली चालणारी नऊ घड्याळं मी अशी हाताने बिघडवली. पुढे ही माणसं चर्चला पंधरा मिनिटं आधी येऊन बसायला लागली आणि पाळकसाहेब अलीकडे उशिरा येतात म्हणून कुजबुजायला लागली.

शुक्रवारी पाळकसाहेब स्वतःच दुकानात आले. वडिलांनी दिलेलं खिशातलं घड्याळ त्यांनी टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसले. दुपारची वेळ, भिंतीवर सगळी घड्याळं टिकटिकत होती. मी त्यांचं घड्याळ उघडलं. ते अगदी बरोबर चालत होतं.

"हे मागे पडतंय म्हणतात," ते म्हणाले. "मीही पडतोय. परवा मंडळीचा निरोप घेईन म्हणतो."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. असं काय झालं, म्हणून मी विचारलं.

"पूर्वी मी तुम्हाला पाऊण तास धरून ठेवायचो. आता अर्ध्या तासातच तुमची मान पडते. माझ्या शब्दांत काही राहिलं नाही."

"माझी मान? तुम्ही घड्याळ बघून थांबत नाही?"

"घड्याळ कोण बघतं? तुम्ही झोपलात की मी आमेन म्हणतो. तुमच्यासारखा चिवट माणूस पेंगला, म्हणजे बाकीच्यांची काय अवस्था असेल!"

म्हणजे काट्याने त्यांना थांबवलंच नव्हतं. सव्वाअकरावर आलेल्या काट्याने मला झोपवलं होतं. मला लाज वाटली. त्यांचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं असतं, तर हा माणूस मुकाट्याने घरी गेला असता, आणि माझा सगळ्यात चांगला मित्र माझ्याच हाताने गेला असता. मी किल्ली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "उपदेश लांबतो, हे एकोणीस वर्षांत एकदा सांगायचंत."

"मी झोपतो, हे तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

त्यावर आम्ही दोघंही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते राहायला तयार झाले. फक्त हे सगळं मंडळीसमोर सांगायचं, आणि झोपेचंही, एवढी त्यांची अट होती.

शनिवारी मी चर्चच्या घड्याळाचा काटा जागेवर आणला आणि रविवारी उभा राहून कबुली दिली. बाकाबाकांवर घड्याळं मागे करण्याचा आवाज झाला. शाळेतल्या बाईंनी, मग फुंकर कशाला मारलीत, असं मोठ्याने विचारलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि आज पापणी मिटायची नाही, अशी मनाशी शपथ घेतली.

उपदेश सुरू झाला. सव्वाअकरा वाजले, मी जागा. साडेअकरा, मी जागा! पाळकसाहेब माझ्याकडे बघून फुलत चालले होते. ऊन काचेवरून उतरून जमिनीवर गेलं, तिथून भिंतीवर चढलं, मी आपला टक्क. पावणेबाराला अख्खी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली.

"अहो," बायको कानाशी म्हणाली, "झोपा ना आता."

"मी शपथ घेतलीय."

"तुम्ही घेतलीय. आमचा काय गुन्हा?"

खरं वागायचं ठरवून मला जेमतेम दीड तास झाला होता. मी डोळे मिटले, मान छातीवर टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा ठरवून घोरलो.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.