डिक्कीतला नंदी

चंपतराव ढोमण्यांनी तिसऱ्यांदा किल्ली फिरवली आणि तिसऱ्यांदाही डिक्की उघडली नाही. किल्ली कुलपात जात होती, अर्धा वळसा घेत होती आणि तिथेच अडत होती. सकाळचे साडेअकरा झाले होते. महाल भागातल्या त्या गल्लीत दारापुढे रांगोळी घातली होती, सुभद्राबाई औक्षणाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या आणि त्यांच्या पदराआडून सात वर्षांची नंदिनी टाचा उंचावून पाहत होती. दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांनी लाकडी बैल मिरवायचा होता आणि नंदिनीचा लाकडी नंदी डिक्कीत होता.

"उघडा ना लवकर. निरांजन विझून राहिलं," सुभद्राबाई म्हणाल्या.

"उघडूनच राहिलो ना! इथं काय नाटक करून राहिलो मी?"

गाडी एकोणीसशे एकाहत्तर सालची अँबेसेडर. चंपतराव सरकारी खात्यात ड्रायव्हर होते तेव्हा तेवीस वर्षं त्यांनी हीच गाडी चालवली, आणि खात्याने ती लिलावात काढली तेव्हा दुसऱ्या कोणाचा हात लागू न देता स्वतःच घेतली. या गाडीत अकरा साहेब बसून गेले, पण डिक्कीचं कुलूप पहिल्या दिवशी होतं तेच आहे, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगत. गाडीचा एकही मूळ भाग बदलायचा नाही, हे त्यांचं व्रत होतं. व्रत त्यांचं असलं तरी उपास बहुधा सुभद्राबाईंना घडत.

पण आज प्रश्न गाडीचा नव्हता, नातीचा होता. गेल्या वर्षी नंदिनी बाजारातला वीतभर नंदी घेऊन मोहल्ल्याच्या पोळ्यात उभी राहिली होती. गर्दीत कोणाचा तरी पाय पडला, नंदीचा पाय मोडला आणि पोरगी मान खाली घालून घरी आली. ती रडली असती तर चंपतरावांना एवढं लागलं नसतं. ती न रडता नंदीला फडक्यात गुंडाळून ठेवत होती, ते त्यांच्याने पाहवलं नाही. "पुढच्या पोळ्याले तू मान वर करून येशीन, बाई. आबाजीचा शब्द हाय," असं ते तेव्हाच बोलून बसले होते.

त्या शब्दापायी कळमेश्वरच्या सुताराकडे त्यांनी सात खेपा घातल्या. सागवानाचा, पावणेदोन फुटी, खाली चार चाकं, पाठीवर कोरीव झूल आणि शिंगांच्या टोकांना चकचकीत पितळी शेंब्या, असा तो नंदी. आज पहाटे तो ताब्यात घेऊन चंपतराव निघाले, तर वाटेत सुभद्राबाईंचा फोन आला.

"नंदीचं तोंड कोणीकडे केलं हाय?"

"आतल्या बाजूनं. सुतारानं बरोबर ठेवलं."

"म्हणजे डिक्की उघडल्यावर मी काय शेपटीले ओवाळू? फिरवा त्याले!"

बोलणं बिनतोड होतं. चंपतरावांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, नंदीचं तोंड डिक्कीच्या झाकणाकडे केलं आणि झाकण लावलं. ते जरा अडलं, म्हणून त्यावर सगळा भार टाकून दाबलं. खट्ट झालं. जुनी गाडी आहे, कुरकुरायचीच, असं म्हणून ते पुढे निघाले.

आता त्या झाकणापुढे ते घाम पुसत उभे होते. संध्याकाळी पाचला पोळा भरायचा होता. प्रथम त्यांनी कुलपात खोबरेल तेल सोडलं. मग घरात होतं ते जवसाचं. जवसाचं तेल जरा वाळलं की गोंदासारखं धरतं, ही गोष्ट सुभद्राबाईंना ठाऊक होती. पण त्यांना विचारलं कोणी? पंधरा मिनिटांनी किल्ली जी अर्धा वळसा घेत होती, ती पाव वळसा घेऊ लागली.

आवाज ऐकून चंपतरावांचा मुलगा, नंदिनीचा बाप पियुष, खाली आला. कारखान्यातला माणूस, त्याला प्रत्येक अडचणीत भोक पाडायची जागा दिसत असे.

"बाबा, दोन मिनिटांचं काम आहे. ड्रिल मारतो, कुलूप बाहेर."

"आधी माह्या छातीत मार."

"अहो, कुलूप नवीन मिळते!"

"बापही नवीन आन मग."

चंपतराव हट्टाला पेटले की घरात कोणी वारा घालत नसे. कुलूप तोडायचं नाही आणि नंदी पाचच्या आत बाहेर काढायचा, हे ठरलं. त्यांनी सदर भागातल्या आनंदरावांना फोन लावला. आनंदराव बागडे म्हणजे कुलपांमधले डॉक्टर. चाळीस वर्षांत एकाही कुलपाला त्यांनी हातोडी लावली नव्हती, असं ते स्वतः सांगत. पण आज मारबतीची, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची, मिरवणूक होती. महालाचे रस्ते बंद आणि माणसांचा पूर. बिचाऱ्यांनी स्कूटर दूर कुठेतरी लावली, गर्दीतून अंग चोरत आले, आणि पोहोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. त्यांच्या टोपीवर कोणाचा तरी गुलाल होता.

आनंदरावांनी पाणीही घेतलं नाही. कुलपाला कान लावला, किल्ली हळूच हलवली, डोळे मिटले. गल्लीतली चार-पाच माणसं श्वास रोखून उभी राहिली.

"कोणतं तेल घातलं, भाऊ?"

"दोन्ही," चंपतराव पुटपुटले.

"तेल घालणाऱ्याले पाहून कुलूप बिचारं घाबरलं असन. पण कुलूप ठणठणीत हाय. रोग आत हाय. मागची सीट काढा."

सीटची पाठ निघाली. तिच्यामागे पत्र्याच्या आडव्या-तिडव्या पट्ट्या होत्या. त्यांच्यातून हात जात होता, नंदी येण्यासारखा नव्हता. आनंदराव टॉर्च घेऊन आत वाकले. बराच वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती. मग ते सावकाश बाहेर आले.

"चंपतभाऊ, तुमच्या नंदीनं कुलपाले शिंग मारलं हाय. ती पितळी टोपी खटक्याच्या दांडीत फसली. तुम्ही वरून झाकण दाबलं, ते आणखी घट्ट झालं. आता दोनच उपाय. शिंग कापा, नाही तर कुलूप कापा."

"पोळ्याच्या दिवशी बैलाचं शिंग?" सुभद्राबाईंनी ताट खाली ठेवलं. "जीभ कशी रेटते तुमची?"

"अन् कुलपाले हात लावन त्याचा हात..." चंपतरावांनी वाक्य पुरं केलं नाही, कारण नंदिनी त्यांच्या शर्टाचं टोक ओढत होती. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला गेल्या वर्षीचा नंदी होता. त्याचा पाय तिने फेविकॉलने चिकटवला होता. जरा वाकडाच.

"आबाजी, मी हा नेते. हा पण चांगला आहे. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

पन्नास वर्षं जपलेलं कुलूप एका पारड्यात आणि तो वाकडा पाय दुसऱ्यात. त्यांनी नातीकडे पाहिलं, डिक्कीवरून एकदा हात फिरवला आणि तोंड वळवून म्हणाले, "पियुष, आन तुहं ड्रिल."

पियुषला बापाचा चेहरा पाहून ड्रिल आणायचा धीर होईना, तरी तो गेला आणि घेऊन आला. त्याने टोक कुलपावर टेकवलं, तेवढ्यात आनंदराव ओरडले, "थांब, थांब! कुलपाच्या मागं बरोबर नंदीचं नाक हाय. वेसण घालाची असन तरच मार!"

पियुषने ड्रिल खाली ठेवलं. सव्वातीन झाले होते. चंपतराव कपाळाला हात लावून पायरीवर बसले. इतका वेळ सगळ्यांचं ऐकून घेतलेल्या सुभद्राबाईंनी मात्र पदर खोचला.

"नंदी गाडीच्या बाहेर येत नाही ना? मग गाडीच पोळ्यात न्या."

"अवं, काय बोलून राहिली तू?"

"मराठीच बोलून राहिली. पोटात बैल हाय, बाहेरून आपण झूल टाकू. उठा!"

तासाभरात गाडीचं रूप पालटलं. छपरावर सुभद्राबाईंच्या माहेरची लाल सतरंजी आली, दिव्यांभोवती झेंडूच्या माळा आल्या आणि बॉनेटवर हळदीचे पाचही बोटं उठलेले पंजे आले. हळदीने रंग खराब होईल, असं चंपतराव एकदाच बोलले. पुढच्या बंपरला कासरा बांधून त्याचं टोक नंदिनीच्या हातात दिलं. बैल ओढतच न्यायचा, म्हणून इंजिन बंद ठेवलं आणि मागून पियुष आणि आनंदराव ढकलायला लागले. आनंदरावांचं काम खरं तर संपलं होतं, पण न उघडलेलं कुलूप मागे टाकून घरी जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चंपतराव स्टेअरिंगवर बसले. अकरा साहेबांना सन्मानाने फिरवलेला तो माणूस ताशी एक मैल वेगाने, सतरंजीखाली, मैदानात शिरला.

मैदानात साठ-सत्तर पोरं आपापले नंदी घेऊन ओळीत उभी होती. मंडळाच्या अध्यक्ष चारुशीलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका, हातात नियमांचा कागद घेऊन सामोऱ्या आल्या.

"चंपतराव, हे काय आहे? नियमाप्रमाणे नंदी लाकडाचा हवा."

"लाकडाचाच हाय, ताई. सागवान. आत हाय."

"नंदीला चाकं हवीत."

"चार आत, चार बाहेर. तुमच्या नियमात जास्तीची मनाई असन तर सांगा."

"आणि नंदी मुलाने स्वतः ओढायला हवा."

"मी ओढला," नंदिनी कासरा दाखवत म्हणाली. मागे धापा टाकणारे आनंदराव आणि पियुष आभाळाकडे पाहू लागले.

"मला आधी नंदी दिसला पाहिजे," चारुशीलाताई म्हणाल्या. डाव्या दाराने त्या आत शिरल्या, टॉर्च घेतला आणि पट्ट्यांमधून वाकून पाहू लागल्या. सुभद्राबाईंच्या आत्ता लक्षात आलं की नंदीचं तोंड झाकणाकडे आहे, म्हणजे सीटवरून दिसणार ती नेमकी शेपटी. ज्या शेपटीपायी सकाळी फोन केला, तीच आता सगळ्या मोहल्ल्याला दिसणार, म्हणून त्यांनी तोंडावर पदर घेतला.

चारुशीलाताई बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"अहो, मागून दिसतो तो! देवळात घेतो तसंच दर्शन होतं. दोन शिंगांच्या मधून पाहायचं."

"शिंगांच्या मधून काय दिसते?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"कुलूप," चारुशीलाताई म्हणाल्या. "फार जुनं दिसतं."

"एकाहत्तर सालचं!" चंपतरावांना राहवलं नाही. "ओरिजिनल!"

मग जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. एका आजीबाईंनी आत जाऊन शेपटीला हात लावला, शिंगांमधून पाहिलं आणि उजव्या दाराने बाहेर पडल्या. त्यांच्या मागे त्यांची नातवंडं गेली. मग दुसरी पोरं आपापले नंदी बाहेर ठेवून शिरली, त्यांच्या आया शिरल्या. डावीकडून आत, उजवीकडून बाहेर. बघता बघता रांग मैदानाच्या फाटकापर्यंत गेली. कोणी आत फूल ठेवलं, कोणी कुंकू लावलं. दाराशी नंदिनी टॉर्च घेऊन उभी होती आणि बजावत होती, "एक-एक जण या. धक्का देऊ नका. चप्पल बाहेर." चप्पल काढायचं तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळे काढत होते. पलीकडे कोणीतरी भोंग्यावर बक्षिसांची नावं वाचत होतं. पहिलं नाव नंदिनी पियुष ढोमणे असं आलं, तेही तिला ऐकू गेलं नाही. ती एका काकांना रांगेत परत पाठवत होती.

चंपतराव गाडीच्या मागे उभे राहून हे पाहत होते. डोळे पाणावले होते, पण धुळीने, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक माणूस चढला की गाडी डावीकडे झुकत होती, उतरला की उजवीकडे. जुन्या स्प्रिंगा कुईकुई करत होत्या. साठ-सत्तर माणसं झाली असतील. एक भारदस्त बाई आत चढल्या, गाडी चांगलीच हलली आणि डिक्कीत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला.

खट्ट.

झाकण बोटभर वर आलं. त्या फटीतून नंदीचं शिंग दिसलं, पितळी शेंबीसकट, मोकळं. सकाळपासून ज्या क्षणासाठी त्यांनी खोबरेल, जवस, पोटचा पोरगा आणि निम्मा मोहल्ला पणाला लावला होता, तो क्षण समोर उभा होता. एक बोट लावलं असतं तर नंदी बाहेर.

चंपतरावांनी रांगेकडे पाहिलं. अजून पन्नासेक माणसं उभी होती. दाराशी नंदिनी एका छोट्या मुलाला शिंगांमधून कसं पाहायचं ते हातवारे करून शिकवत होती. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, पाठ फिरवली आणि सगळं वजन टाकून झाकणावर बसले.

"आता काय झालं?" सुभद्राबाई लांबून ओरडल्या. "गाडीवर काहून बसले? कोणाले बसू देत नाही ना तुम्ही?"

"पाय दुखून राहिले!"

आनंदराव पाच पावलांवर पाणी पीत होते. चाळीस वर्षं कुलपांचे आवाज ऐकलेला तो कान. त्याला काय सांगावं लागतं? ते जवळ आले. चंपतरावांकडे पाहिलं, झाकणाच्या फटीकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग टोपी नीट केली.

"एकट्याच्या वजनानं नाही राहणार, भाऊ. सरका थोडं," ते म्हणाले, आणि शेजारी बसले.